इंजिन बदलाचं काम घेताय? मग इंजिन सोडून बाकी सगळ्याचा हिशेब आधी करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवण्याचं काम धंदा म्हणून कसं बघायचं, यावर बोललो. व्हिडिओत सगळं मावत नाही. म्हणून तपासणीची यादी, पैशाचा हिशेब आणि कायद्याची बाजू इथे नीट लिहून देतोय. नंदनवन, हसनबाग, वाठोडा, उमरेड रोड या आपल्या पट्ट्यात छोटी गॅरेजं भरपूर आहेत आणि नवीन मुलंही या लाईनमध्ये येताहेत. त्यातल्या प्रत्येकाकडे कधी ना कधी एक गिऱ्हाईक येतंच: "भाऊ, बापाच्या वेळची जीप आहे, इंजिन गेलंय. दुसरं चांगलं इंजिन टाकून द्या, किती होईल?"

इथे बहुतेक जण इंजिनाचा भाव विचारतात, त्यात मजुरी टाकतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. तिथूनच नुकसान सुरू होतं. तुम्ही स्वतः मेकॅनिक नसाल, फक्त गॅरेज चालवणार असाल, तरी पुढचं सगळं तुम्हाला माहीत हवं. कारण कोटेशनवर सही तुमची असते.

हे काम आपल्याकडे नवीन नाही

आधी दोन शब्द समजून घ्या. ज्या गाडीतून इंजिन काढायचं ती डोनर गाडी. ज्या गाडीत बसवायचं ती प्रोजेक्ट गाडी.

आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांनीही हेच केलंय. महिंद्राच्या जुन्या जीपला विलीजचं पेट्रोल इंजिन असायचं. पुढे १९८० च्या दशकात महिंद्राने प्यूजोचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आपल्या इगतपुरीच्या कारखान्यात बनवून जीपमध्ये द्यायला सुरुवात केली. ४.९० म्हणजे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर. हे इंजिन २११२ सीसीचं. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ साली आली, तेव्हा त्या मोठ्या बॉडीत ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं. गाडी ओढायला कमी पडायची. म्हणून नंतर इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, आणि ॲम्बेसेडरलाही ते मिळालं. तिथे कंपनीने नुसतं इंजिन बदललं नाही. सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स दिला आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळून खाली जमिनीवर आणला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गॅरेजवाल्यांचंही तसंच. बजाज टेम्पोच्या गाड्यांत मर्सिडीजच्या परवान्यावर बनणारं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन यायचं. लोक त्याला सरळ 'मॅटाडोरचं इंजिन' म्हणत. पेट्रोल महाग पडायला लागलं तसं हे इंजिन ॲम्बेसेडर आणि कॉन्टेसातही बसवलं गेलं. म्हणजे हात तयार आहेत, अनुभव आहे. कमी पडतो तो हिशेब.

आधी कागद, मग पाना

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. धंदा बंद पडतो तो इथेच.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असं सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रात जे तपशील आहेत, ते कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते, आणि आर.सी.वर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच कलम कडक शब्दांत लावलं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-ए आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता याचा धंद्यासाठी अर्थ काय?

त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवणं हा सगळ्यात सरळ रस्ता. वेगळ्या प्रकारचं इंजिन म्हटलं की मंजुरी अवघड होते. पेट्रोलचं डिझेल करायचं म्हटलं की इंधन बदलतं, प्रदूषणाचे निकष बदलतात, आणि मंजुरी आणखी अवघड होते. पूर्वी अशा कितीतरी जीपा झाल्या म्हणून आजही होईल, असं धरून चालू नका. आपल्या भागाचं काम एमएच-४९, म्हणजे पूर्व नागपूरच्या आरटीओकडे येतं. गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथे मालकाने आधी लेखी अर्ज करावा आणि लेखी उत्तर आणावं. "एजंट म्हणाला होऊन जाईल" हे उत्तर नाही. मंजुरी हातात येईपर्यंत आपण फक्त मोजमाप करायचं, पाना लावायचा नाही.

डोनर इंजिनाचेही कागद लागतात. विकणाऱ्याचं बिल, त्यावर इंजिन नंबर, डोनर गाडीच्या आर.सी.ची प्रत. इंजिनावर कोरलेला नंबर स्वतः वाचा, फोटो काढा, बिलाशी जुळवा. नंबर घासलेला दिसला किंवा ठोकून बदलल्यासारखा वाटला, तर इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या गॅरेजमध्ये सापडलं, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. आणि नवा नंबर विमा कंपनीला कळवायला मालकाला सांगा. नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो.

नुसतं इंजिन घ्यायचं की अख्खी डोनर गाडी?

भंगारात नुसतं इंजिन स्वस्त दिसतं. पण ते सुटं काढताना काय काय मागे राहतं बघा: फाउंडेशनचे ब्रॅकेट, बेल हाउसिंग, सेल्फ, अल्टरनेटर आणि त्याचा पट्टीचा सपोर्ट, फॅन, पुली, डिझेल फिल्टरची बैठक, एक्सिलरेटरची जोडणी, मीटरचे सेन्सर, वायरिंगचं जाळं. यातली एकेक वस्तू नंतर शोधायला गेलात की पैसे तर जातातच, त्याहून जास्त दिवस जातात. एका ब्रॅकेटसाठी गाडी आठवडाभर उभी राहते.

म्हणून माझा नियम सरळ आहे. शक्य असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेला पूर्ण संच घ्या, सगळ्या ॲक्सेसरीजसकट. शक्य असेल तर तो गाडीतून आपल्यासमोर उतरवून घ्या. उतरवण्याआधी इंजिन थंड असताना सुरू करून बघा, धूर बघा, ऑइलचं प्रेशर बघा. मग प्रत्येक पाइप आणि प्रत्येक वायर कुठून कुठे जाते याचे फोटो काढा. वायरला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा. या एका तासाच्या कामाने पुढचे चार दिवस वाचतात.

दुसरा नियम: कंपनीने स्वतः केलेली जोडी निवडा. महिंद्राच्या जीपमध्ये महिंद्राने दिलेलं इंजिन टाकायचं असेल, तर त्याचे फाउंडेशन, हाउसिंग, रेडिएटर बाजारात तयार मिळण्याची शक्यता जास्त. प्रत्येक वस्तू लेथवर बनवावी लागली, तर तो शौक होतो, धंदा होत नाही.

बसेल का? आधी टेप लावा

इंजिन चेन ब्लॉकवर टांगायच्या आधी ही मापं वहीत लिहा:

१. उंची: बोनेट बंद होईल का? खाली ऑइलचा चेंबर पुढच्या एक्सलला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला अडेल का? पाटे दबल्यावर एक्सल वर येतो, ती जागाही धरा.

२. लांबी: फॅन आणि रेडिएटर यांच्यात अंतर राहतं का? मागे फायरवॉल कापावी लागेल का?

३. रुंदी: सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगजवळून जातोय का? तो तापतो, आणि जवळची रबरी नळी, वायर, ब्रेकचा पाइप भाजतो.

४. वजन: डिझेल इंजिन साधारणपणे पेट्रोलपेक्षा जड असतं. पुढचे पाटे बसले, तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक मारताना गाडी नाकावर येते.

५. गिअरबॉक्स: डोनरचाच गिअरबॉक्स वापरला तर क्लचची डोकेदुखी कमी, पण प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते आणि गिअरचा दांडा दुसऱ्या जागी येतो. जुनाच गिअरबॉक्स ठेवला तर मध्ये अडॅप्टर प्लेट लागते. तेव्हा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे डायल गेज लावून बघायचं. थोडा फरक राहिला तरी पायलट बेअरिंग आणि क्लच लवकर जातात. कंपनीने इसुझू इंजिनासोबत गिअरबॉक्सही का बदलला, ते आता कळलं ना?

सहावं माप कागदावर घ्यायचं, वेगाचं. समजा टायरचा एक फेरा २.२ मीटरचा आहे आणि एक्सलचं प्रमाण ५.३८ आहे. टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं, तेव्हा चाक ३००० भागिले ५.३८, म्हणजे जवळपास ५५८ फेरे घेतं. त्याला २.२ ने गुणा, मिनिटाला सुमारे १२२७ मीटर. म्हणजे ताशी साधारण ७४ किलोमीटर. कमी फेऱ्यांचं डिझेल इंजिन असेल तर गाडी हायवेवर तिथेच ओरडायला लागेल. एक्सलचं प्रमाण ४.२७ असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी ९३ च्या आसपास मिळतील. गिऱ्हाईकाला हा हिशेब आधी दाखवा. नाहीतर "इंजिन नवीन टाकलं तरी गाडी पळत नाही" ही तक्रार ठरलेली.

ॲक्सेसरीज: इथेच पैसा जातो

थंड करणं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. जुना रेडिएटर नवीन इंजिनाला पुरतो की नाही, हे डिसेंबरात कळत नाही. रेडिएटरची क्षमता, फॅनचा आकार, फॅनभोवतीचं आवरण आणि होज पाइपचं तोंड, चारही जुळायला हवेत. आवरण नसेल तर फॅन आजूबाजूचीच गरम हवा फिरवत बसतो.

ब्रेक. ज्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे, तिथे पेट्रोल इंजिन हवा ओढताना जो व्हॅक्यूम तयार होतो, त्यावर तो चालतो. डिझेलमध्ये तसा व्हॅक्यूम पुरेसा मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. काही इंजिनांत तो अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. खर्च वाचवायला कोणी साधा अल्टरनेटर लावला, तर बॅटरी चार्ज होईल, पण ब्रेकचा पेडल दगडासारखा होईल. इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. यात काटकसर करायची नाही.

डिझेलची लाइन. पेट्रोलची टाकी आणि पाइप तसेच वापरता येत नाहीत. डिझेल पंपाला आणि नोझलला परतीची लाइन लागते, ती टाकीपर्यंत न्यावी लागते. टाकी आतून पूर्ण साफ करायची, कारण डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोल मिसळलं की पंप झिजतो. फिल्टर पाणी वेगळं करणारा घ्या. आणि सुरू करण्याआधी लाइनमधली एअर काढायची.

बंद करणं. जुनं पेट्रोल इंजिन चावी फिरवली की बंद होतं, कारण ठिणगी थांबते. जुन्या डिझेलला ठिणगीच नसते. त्याचं डिझेल थांबवायला ओढायची केबल किंवा सोलेनॉइड लागतो. हे कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही.

वायरिंग. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून सेल्फ मोठा, बॅटरी मोठी, केबल जाड. हीटर प्लगला करंट भरपूर लागतो, त्याला वेगळी जाड वायर आणि रिले द्या. इंजिन ते चेसिस अर्थची पट्टी विसरू नका. ती नसेल तर करंट दुसरी वाट शोधतो, आणि कधीकधी एक्सिलरेटरची केबल तापते. जुन्या जीपमध्ये डायनामो आणि कटआउट असेल, तर अल्टरनेटरसाठी चार्जिंगची जोडणी नव्याने करावी लागते.

मीटर. डोनरचा सेन्सर आणि जुन्या डॅशबोर्डचा काटा जुळले नाहीत, तर तापमान खोटं दिसतं. इंजिन उकळतंय आणि काटा मध्यावर. सेन्सर आणि मीटर एकाच संचातले घ्या.

क्लच. डोनरचा क्लच केबलवर आणि आपल्या गाडीचा हायड्रॉलिक, किंवा उलट, असं असेल तर पेडलपासून सगळं बदलतं. क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते मोजून घ्या.

आता हिशेब

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. बाजारभाव तुम्ही स्वतः काढायचे.

समजा तुम्ही तोंडी सांगितलं: १,२०,००० रुपये. डोक्यात हिशेब असा: इंजिन आणि गिअरबॉक्स ५०,०००, मजुरी ३०,०००, किरकोळ १०,०००, नफा ३०,०००.

आता ते 'किरकोळ' उघडून बघू. फाउंडेशन आणि वेल्डिंग ९,०००. रेडिएटर आणि होज ८,०००. प्रोपेलर शाफ्ट ५,०००. बॅटरी, केबल, वायरिंग ९,०००. सायलेन्सर ४,०००. डिझेल लाइन आणि टाकी ४,०००. क्लच ६,०००. व्हॅक्यूम आणि ब्रेकचं काम ५,०००. बेरीज ५०,०००. म्हणजे ३०,००० नफ्याऐवजी १०,००० खिशातून गेले.

आणि जागेचं काय? गॅरेजचं भाडं, वीज वगैरे महिन्याला ३०,००० आणि गाडी उभी करायला दोन जागा, असं धरा. म्हणजे एका जागेचे दिवसाला ५०० रुपये. वीस दिवसांचं काम साठ दिवस चाललं, तर २०,००० आणखी गेले. त्या चाळीस दिवसांत तिथे किती सर्व्हिसिंग झाल्या असत्या, ते वेगळंच.

बरोबर कोटेशन असं: संच ५०,०००, ॲक्सेसरीज ५०,०००, मजुरी ३०,०००, पंचवीस दिवसांची जागा १२,५००, सामानावर १५ टक्के अचानक निघणाऱ्या खर्चासाठी १५,०००, नफा २५,०००. एकूण १,८२,५००. गिऱ्हाईक म्हणेल, दुसरा तर सव्वा लाखात करतोय. म्हणू द्या. यादी त्याच्या हातात द्या आणि सांगा, दुसऱ्याला विचारा यातलं काय काय धरलंय. तरी गेला तर जाऊ द्या, राजेहो. न घेतलेल्या कामात तोटा होत नाही. अर्धवट उघडलेल्या जीपमध्ये होतो. गिऱ्हाईकाचे पैसे संपलेले, तुमचे अडकलेले, आणि दोघं एकमेकांचा फोन उचलत नाहीत.

पैसे टप्प्याने घ्या

पहिला टप्पा मोजमाप आणि तपासणीचा. त्याची छोटी फी ठेवा, काम झालं नाही तरी ती तुमची. दुसरा टप्पा आरटीओची लेखी मंजुरी आल्यावर डोनर संचाचे पूर्ण पैसे, आणि बिल मालकाच्याच नावाने. तिसरा इंजिन फाउंडेशनवर बसल्यावर. चौथा इंजिन सुरू झाल्यावर. शेवटचा रस्त्यावर तपासणी झाल्यावर. प्रत्येक टप्प्याला जॉब कार्डवर दोघांची सही. अचानक खर्चाची रक्कम वापरली नाही तर परत द्या. अशा गिऱ्हाईकाच्या तोंडून पुढची चार गिऱ्हाईकं येतात.

शेवटची तपासणी दुपारच्या उन्हात करा. अर्धा तास गर्दीत, जगनाडे चौकासारख्या ठिकाणी थांबत-थांबत, आणि अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर. परत आल्यावर खाली कागद अंथरून गळती बघा, फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा आवळा, चार्जिंग मोजा, ब्रेक बघा. पाचशे किलोमीटरनंतर एक तपासणी फुकट ठेवा.

या आठवड्याचं काम: तुमच्या ओळखीच्या गॅरेजमधली एक जुनी गाडी निवडा आणि वरच्या यादीप्रमाणे कागदावर पूर्ण कोटेशन बनवा. प्रत्येक वस्तूचा भाव दोन दुकानांतून विचारा. गाडी उघडू नका, फक्त कागद करा. ते कोटेशन पूर्ण झालं, की हे काम आपण घ्यायचं की सोडायचं, याचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. जय महाराष्ट्र!